जुन्या संगणकाला एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडताना

विंडोज एक्सपी आणि विंडोज ७ वर चालणारे संगणक अजूनही बऱ्याच ठिकाणी रोजच्या कामात आहेत. गृहनिर्माण संस्थेचे दफ्तर, गावातील छापखाना, दुकानाचे हिशेब, एखाद्या निवृत्त शिक्षकाने वर्षानुवर्षे टाइप करून ठेवलेले लेखन, असा मोलाचा मजकूर या यंत्रांमध्ये पडून असतो आणि ज्या हार्ड डिस्कवर तो आहे तिचे वयही दहा-पंधरा वर्षे झालेले असते. हा मजकूर वेळीच एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर उतरवून घेणे हे अशा संगणकाच्या मालकाचे पहिले काम आहे. नव्या संगणकाला डिस्क जोडली की ती लगेच चालते. जुन्या संगणकासाठी मात्र डिस्कची क्षमता, तिला लागणारी वीज, तिची आखणी आणि तिचा फॉरमॅट (फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) या चार गोष्टी आधी जुळवून घ्याव्या लागतात, आणि तेही त्यावर एकही फाइल ठेवण्यापूर्वी.

खरेदीपूर्वी संगणक तपासा

'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडल्यास विंडोजची आवृत्ती आणि सर्व्हिस पॅक (विंडोजच्या दुरुस्त्यांचा एकत्रित संच) दिसतो. एक्सपी असेल तर सर्व्हिस पॅक ३ बसवलेला असावा. त्याच खिडकीतील 'हार्डवेअर' या भागातून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा आणि यूएसबी कंट्रोलरची यादी पाहावी. त्या यादीत एखाद्या नावात 'एन्हान्स्ड' हा शब्द असेल तर संगणकाला यूएसबी २.० आहे. तो शब्द कुठेच नसेल, तर एक तर ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) बसवलेला नाही किंवा संगणक यूएसबी १.१ च्या काळातला आहे.

हा फरक किरकोळ नाही. यूएसबी १.१ चा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट, तर २.० चा ४८० मेगाबिट आहे. प्रत्यक्षात पहिल्यातून सेकंदाला सुमारे १ एमबी आणि दुसऱ्यातून सुमारे ३० एमबी मजकूर जातो. म्हणजे १०० जीबीच्या मोठ्या फाइलींना यूएसबी २.० वर तासभर पुरतो, तर १.१ वर एक दिवसाहून अधिक वेळ लागतो. डिस्क जोडल्यावर एक्सपीच्या उजव्या कोपऱ्यात 'हे उपकरण अधिक वेगाने चालू शकते' अशा अर्थाचा इंग्रजी फुगा आला, तर डिस्क मंद पोर्टमध्ये लागली आहे असे समजावे. डेस्कटॉपमध्ये पीसीआय स्लॉट मोकळा असेल तर यूएसबी २.० चे कार्ड बसवून घेता येते, आणि मजकूर बराच असेल तर हा खर्च करावाच.

आज मिळणाऱ्या डिस्क यूएसबी ३.० च्या असतात. त्या जुन्या पोर्टमध्येही चालतात, फक्त वेग जुन्या पोर्टचा मिळतो. त्यामुळे केवळ वेगासाठी महागडी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) घेण्यात अशा संगणकावर काही अर्थ नाही. ती पडझड आणि धक्के अधिक चांगले सोसते, एवढाच तिचा फायदा इथे उरतो.

किती मोठी डिस्क घ्यावी

एक्सपी असेल तर २ टीबीपेक्षा मोठी डिस्क घेऊ नये. डिस्कवरील जागेची आखणी दोन पद्धतींनी करता येते. जुनी पद्धत एमबीआर आणि नवी जीपीटी. ५१२ बाइटच्या सेक्टरच्या (डिस्कवर मजकूर साठवण्याच्या लहान कप्प्याच्या) हिशेबाने एमबीआर पद्धत सुमारे २.२ टीबीपर्यंतच मोजू शकते. त्याहून मोठ्या डिस्कला जीपीटी लागते आणि एक्सपीच्या नेहमीच्या ३२-बिट आवृत्तीला जीपीटी वाचताच येत नाही. अशी डिस्क जोडल्यावर विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट' या साधनात 'जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन' एवढेच शब्द दिसतात आणि पुढे काहीही करता येत नाही. विंडोज ७ मात्र जीपीटी वाचते, म्हणून तिथे मोठी डिस्क चालते.

मोठ्या डिस्कला सेक्टर ४०९६ बाइटचे असल्याचे भासवून ती एक्सपीवर चालवण्याची सोय काही उत्पादकांनी केली होती. ती चालते हे खरे, पण बाहेरची पेटी बिघडून आतली डिस्क थेट संगणकाला जोडावी लागली, तर आखणीचा हिशेब बदलतो आणि मजकूर दिसेनासा होतो. जतन करण्याच्या कामासाठी मी ही वाट सुचवणार नाही. १ टीबीच्या दोन डिस्क घेणे ४ टीबीची एक घेण्यापेक्षा कितीतरी बरे. खोक्यावर १ टीबी लिहिलेले असताना विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते म्हणून नवखी माणसे घाबरतात. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढेच त्याचे कारण आहे.

वीज पुरेशी मिळते का

अडीच इंची छोटी पोर्टेबल डिस्क वेगळ्या अडॅप्टरशिवाय यूएसबीच्या विजेवरच चालते. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाप्रमाणे ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३.० चा ९००. डिस्कची तबकडी फिरायला लागते त्या क्षणी तिला सर्वाधिक वीज लागते आणि जुना पोर्ट नेमका तिथे कमी पडतो. लक्षण ओळखू येण्याजोगे असते. दिवा लागतो, तबकडी फिरल्याचा बारीक आवाज येतो, मग 'टक्' होऊन आवाज थांबतो आणि दोन-तीन सेकंदांनी पुन्हा तेच सुरू होते. 'माय कॉम्प्युटर'मध्ये डिस्क क्षणभर दिसते आणि नाहीशी होते. डिस्क खराब निघाली असे समजून ती परत करण्यापूर्वी वीज तपासावी.

डेस्कटॉपच्या पुढचे पोर्ट आतल्या लांब वायरीने जोडलेले असतात, म्हणून डिस्क नेहमी मागच्या बाजूच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावावी. डिस्कसोबत आलेली आखूड केबलच वापरावी आणि लांबी वाढवणारी केबल मध्ये घालू नये. तरीही अडचण राहिली तर दोन पोर्टमधून वीज घेणारी दुतोंडी केबल किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब वापरावा. अडॅप्टर नसलेला हब एकाच पोर्टची वीज सगळ्यांत वाटतो, त्यामुळे तो डिस्कसाठी निरुपयोगी आहे.

जागेवरून न हलणाऱ्या डेस्कटॉपसाठी साडेतीन इंची, स्वतःच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारी डिस्क अधिक भरवशाची ठरते. तिचा अडॅप्टर वायफायच्या राउटरच्या अडॅप्टरसारखाच दिसतो आणि पिनही बहुधा तशीच बसते, पण व्होल्ट किंवा अँपिअर वेगळे असू शकतात. चुकीचा अडॅप्टर लावल्यास डिस्कमधील सर्किट जळू शकते, म्हणून अडॅप्टरवर चिकटपट्टी लावून 'हार्ड डिस्क' असे लिहून ठेवावे. वीज जाणाऱ्या भागात संगणकाबरोबर हा अडॅप्टरही यूपीएसवरच असला पाहिजे. संगणक यूपीएसवर आणि डिस्क भिंतीच्या बोर्डावर अशी जोडणी केल्यास वीज जाताच लिहिणे अर्धवट तुटते आणि फाइलींची यादीच बिघडण्याची भीती असते.

आखणी आणि फॉरमॅट नव्या संगणकावर करा

नवी डिस्क बहुधा एनटीएफएस किंवा एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये येते. एक्सपीला एक्सफॅट मुळात माहीत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये वेगळे अपडेट दिले होते आणि ते बहुतेक संगणकांवर बसवलेले नसते. अशा संगणकाला एक्सफॅटची डिस्क जोडून उघडू पाहिली की 'डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का?' असा प्रश्न समोर येतो. डिस्क कोरी असेल तर बिघडत नाही. पण त्यावर आधीच कुणाचे फोटो किंवा कागदपत्रे असतील आणि 'येस' दाबले गेले, तर ती जातात. या प्रश्नाला नेहमी 'नो' म्हणावे, डिस्क काढावी आणि दुसऱ्या संगणकावर पाहावी.

फॅट३२ जवळजवळ प्रत्येक यंत्र वाचते, पण त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल ठेवता येत नाही आणि विंडोजचे स्वतःचे साधन ३२ जीबीपेक्षा मोठे फॅट३२ पार्टिशन (डिस्कचा आखून घेतलेला भाग) बहुधा बनवूनच देत नाही. एक्सपीपासून आजच्या विंडोजपर्यंत सर्वांना वाचता आणि लिहिता येणारा फॉरमॅट एनटीएफएस हाच आहे. मॅकवर तो वाचता येतो, पण लिहिण्यासाठी वेगळा प्रोग्राम लागतो.

आखणीचे काम एक्सपीवर न करता विंडोज ७ किंवा त्याहून नव्या संगणकावर करावे, यालाही ठोस कारण आहे. साधारण २०११ पासूनच्या बहुतेक डिस्कमध्ये आतले सेक्टर ४०९६ बाइटचे असतात. एक्सपी पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते आणि ती सीमा या मोठ्या सेक्टरांशी जुळत नाही, त्यामुळे प्रत्येक लिहिण्याला डिस्कला जादा काम पडते. नव्या विंडोजमध्ये पार्टिशन १ एमबीच्या सीमेवर सुरू होते आणि ते बरोबर जुळते. एकदा असे बनवलेले पार्टिशन एक्सपी विनातक्रार वापरते.

आता प्रत्यक्ष कृती. नव्या संगणकाला दुसरी कोणतीही एक्स्टर्नल डिस्क किंवा पेनड्राइव्ह जोडलेला नाही याची आधी खात्री करावी. मग एक्स्टर्नल डिस्क जोडून 'धिस पीसी' किंवा 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करावे, 'मॅनेज' निवडावे आणि 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. खालच्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी दिसते. 'डिस्क ०' ही बहुधा संगणकाची आतली डिस्क असते. तिला हात लावू नये. आपली डिस्क नावावरून नव्हे तर क्षमतेवरून ओळखावी: ९३१ जीबीची पट्टी म्हणजे १ टीबीची डिस्क. दोन डिस्क सारख्याच क्षमतेच्या असतील तर एक्स्टर्नल डिस्क काढून कोणती पट्टी नाहीशी होते ते पाहावे आणि पुन्हा जोडावी. दोन मिनिटांचे हे काम टाळू नये.

डिस्क पूर्ण कोरी असेल तर 'इनिशिअलाइज' करण्याविषयी विचारणा होते. तिथे एमबीआर निवडावे (फक्त विंडोज ७ साठी घेतलेली डिस्क २ टीबीपेक्षा मोठी असेल तर जीपीटी). पट्टीवर काळी रेघ आणि 'अनअलोकेटेड' असे शब्द दिसले म्हणजे जागा मोकळी आहे. तिच्यावर राइट क्लिक करून 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' निवडावे, फॉरमॅट एनटीएफएस ठेवावा, 'अलोकेशन युनिट साइज' जशी आहे तशी राहू द्यावी, कॉम्प्रेशनची खूण करू नये आणि डिस्कला ओळखता येईल असे नाव द्यावे. वेळ असेल तर 'क्विक फॉरमॅट'वरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावा. यूएसबी २.० वर १ टीबीला नऊ-दहा तास लागू शकतात, पण तेवढ्यात संपूर्ण डिस्क तपासली जाते आणि नव्या डिस्कमधला दोष मजकूर ठेवण्यापूर्वीच उघडा पडतो. डिस्कला बिटलॉकरचे, म्हणजे विंडोजमधल्या सांकेतिक संरक्षणाचे, कुलूप लावू नये, कारण एक्सपीवर ते उघडत नाही.

जुन्या संगणकाला पहिल्यांदा जोडताना

संगणक पूर्ण सुरू झाल्यावरच डिस्क जोडावी. डिस्क लावलेली ठेवूनच संगणक सुरू केल्यास काही जुने बायोस (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्रॅम) तिच्यावरच विंडोज शोधत बसतात आणि काळा पडदा पुढे सरकत नाही. कायमची जोडून ठेवायची असेल तर बायोसमध्ये जाऊन सुरुवातीच्या क्रमात आतली हार्ड डिस्क पहिली करावी.

डिस्क ओळखल्याचा आवाज आला, पण 'माय कॉम्प्युटर'मध्ये ती दिसत नाही, अशी तक्रार एक्सपीवर फार आढळते. बहुतेकदा ड्राइव्हच्या अक्षराची टक्कर झालेली असते: एक्सपी जे अक्षर डिस्कला देऊ पाहते ते एखाद्या नेटवर्क ड्राइव्हने आधीच घेतलेले असते. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये पार्टिशनवर राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर' निवडावे आणि वर्णमालेतले शेवटाकडचे एखादे अक्षर द्यावे. टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये बॅकअपचा मार्ग ड्राइव्हच्या अक्षरासह ठरलेला असतो, त्यामुळे अक्षर कायमचे ठरवून देणे तसेही सोयीचे पडते.

व्हायरसचा प्रश्न इथेच सोडवला पाहिजे. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी थांबले. जुन्या एक्सपीमध्ये डिस्क जोडताच तिच्यावरचा प्रोग्रॅम आपोआप सुरू होण्याची सोय होती आणि २००८ च्या अखेरीस आलेल्या कॉन्फिकरसारख्या व्हायरसांनी तिचा पुरेपूर फायदा घेतला. डिस्क जोडताना शिफ्टची कळ दाबून धरल्यास ही आपोआप सुरुवात टळते. जुन्या संगणकावरून परतलेली डिस्क नव्या संगणकाला लावल्यावर कोणतेही फोल्डर उघडण्यापूर्वी अँटिव्हायरसने तपासून घ्यावी. सगळी फोल्डर नाहीशी होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले, तरी मजकूर बहुधा लपवलेलाच असतो, पुसलेला नसतो. शॉर्टकटवर क्लिक न करता आधी डिस्क साफ करावी आणि मग फोल्डर ऑप्शनमधून लपवलेल्या व सिस्टिमच्या फाइली दाखवायला सांगाव्यात.

मजकूर उतरवणे

कट-पेस्ट कधीही करू नये, कॉपीच करावी. एक्सपीवर एकही फाइल वाचता आली नाही तर कॉपी करण्याचे सगळे काम तिथेच थांबते आणि कोणत्या फाइली गेल्या, कोणत्या राहिल्या हे कळत नाही. म्हणून एका वेळी एकच फोल्डर घ्यावे. काम सुरू करण्यापूर्वी संगणक झोपी जाण्याची वेळ 'पॉवर ऑप्शन'मधून बंद करावी आणि टॅली, आउटलुक एक्स्प्रेस असे प्रोग्रॅमही बंद ठेवावेत, कारण उघड्या फाइलींची प्रत अर्धवट निघते.

डेस्कटॉपवरच्या फाइली, 'माय डॉक्युमेंट्स', फोटो आणि हिशेबाचे डेटा फोल्डर एवढे सर्वांना आठवते. राहतात ते फॉन्ट. युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची सामायिक संगणकीय पद्धत) रुळण्यापूर्वीचा मराठी मजकूर श्रीलिपी, पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम, कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप केलेला असतो. अशा फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचेच क्रमांक साठवलेले असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की निवेदन, पत्रिका, अख्खे हस्तलिखित अर्थहीन रोमन अक्षरांच्या रांगा होऊन समोर येते. मराठी मजकुराच्या बाबतीत 'फाइल आहे पण वाचता येत नाही' या दुखण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. त्यासाठी सी ड्राइव्हवरील 'विंडोज'मधले 'फॉन्ट्स' हे सबंध फोल्डर मजकुराशेजारी उतरवून ठेवावे. शिवाय महत्त्वाच्या फाइली त्याच जुन्या संगणकावर उघडून त्यांची पीडीएफ काढावी, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट सामावलेला असल्यास ती कुठेही वाचता येते. जुना संगणक चालू आहे तोवरच हे सहज जमते. पेजमेकर या छपाईची पाने जुळवण्याच्या जुन्या प्रोग्रॅमच्या फाइली असतील तर आज, आत्ता हे काम हाती घ्यावे असे मी म्हणेन.

ज्यांनी युनिकोडमध्ये फोल्डरांना मराठी नावे दिली आहेत त्यांना वेगळी अडचण येते. विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये ड्राइव्हपासून फाइलीच्या नावापर्यंतचा संपूर्ण मार्ग सुमारे २६० अक्षरांत बसावा लागतो आणि देवनागरीत प्रत्येक काना, वेलांटी, हलंतही वेगळे अक्षर म्हणून मोजले जाते. 'कार्यकारिणी' हा आपल्या लेखी पाच अक्षरी शब्द संगणक ११ अक्षरांचा धरतो. फोल्डरात फोल्डर, त्यात लांबलचक नाव असे असेल तर कॉपी अडते. वरच्या फोल्डरांची नावे छोटी केली की अडचण सुटते.

कॉपी संपल्यावर मूळ आणि नव्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधली फाइलींची संख्या आणि 'साइज' पडताळावी. 'साइज ऑन डिस्क'चा आकडा वेगळा येऊ शकतो, तिकडे लक्ष देऊ नये. मग वेगवेगळ्या फोल्डरांतल्या काही फाइली थेट एक्स्टर्नल डिस्कवरून उघडून पाहाव्यात.

काढताना आणि पुढे वापरताना

डिस्क काढण्यापूर्वी घड्याळाशेजारचे 'सेफली रिमूव्ह हार्डवेअर' हे चिन्ह वापरावे. डिस्क आता थांबवता येत नाही असा निरोप आला तर उघडी फोल्डर बंद करून पुन्हा प्रयत्न करावा. तरीही जमले नाही तर संगणक बंद करून मगच केबल काढावी. एक्सपीवर 'डिलेड राइट फेल्ड' असा निरोप दिसला, तर विंडोजने डिस्कवर लिहायचे म्हणून राखलेला मजकूर पोहोचलेला नाही असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी केबल आणि पोर्ट बदलावा आणि त्या बैठकीत केलेली कॉपी पुन्हा करावी. डिस्क फिरत असताना उचलणे, उभीची आडवी करणे किंवा टेबलावरून सरकवणे कटाक्षाने टाळावे.

नियमित बॅकअपसाठी तारखेचे फोल्डर करावे आणि नावात वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवावा, म्हणजे फोल्डर आपोआप कालक्रमाने लागतात. दोन डिस्क आळीपाळीने वापराव्यात आणि एक दुसऱ्या घरी किंवा कार्यालयात ठेवावी. कोकणासारख्या दमट हवेत डिस्क सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे चांगले. कपाटात पडून असलेली डिस्कही तीन-चार महिन्यांनी लावून पाहावी.

फाइली उघडताना डिस्क अडखळू लागली तर आधी मजकूर दुसरीकडे घ्यावा आणि नंतरच 'प्रॉपर्टीज', 'टूल्स', 'चेक नाऊ' या मार्गाने तपासणी करावी. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर दुरुस्तीचा ताण आधी दिला तर उरलेलाही मजकूर हातचा जातो. वीज पुरेशी असूनही टक-टक आवाज येत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू-बंद करून पाहू नये. आतला मजकूर मोलाचा असेल तर ती तशीच माहितगार डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यावी.

जुना संगणक मोडीत काढायची वेळ आल्यावर त्यातली आतली हार्ड डिस्क काढून घ्यावी आणि निदान वर्षभर सांभाळावी. कॉपी करताना नजरेतून सुटलेले एखादे फोल्डर तोवर नक्की आठवते, आणि बाजारात मिळणाऱ्या साध्या साटा किंवा आयडीई-यूएसबी केबलने (साटा आणि आयडीई हे आतल्या डिस्कच्या जोडणीचे दोन प्रकार) ती डिस्क तेव्हाही वाचता येते.